देठावरची खाच

“साहेब, माह्या घरातलं माणूस कोणीतरी बदलून टाकलं,” फोनवर भगवंतराव म्हणाले.

हवालदार नागसेननं पेन उचललं. “कोण हरवलं?”

“हरवलं नाई. बदललं. जुनं नेलं, नवं ठेवलं.”

ठाण्यात या गुन्ह्यासाठी रकाना नव्हता. नागसेननं मोटरसायकल काढली. अमरावतीला बदली झाल्यापासून जेवताना त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं. डबा मेसचा होता, तोही गप्पच असे.

बदललेलं माणूस जाळीच्या व्हरांड्यात, कुंडीत होतं. हिरव्या पानांची वेल, पानामधून पिवळसर पट्टा.

“विमलची हाय. माह्या बायकोची. ती गेली, वेल राह्यली. मी अकोल्याले पोरीकडे गेलो होतो. आलो तं कुंडी तेच, वेल दुसरी.”

“कशावरून?”

“ऐकून नाई राहिली.”

“पहिली ऐकायची?”

“चांगली. मधात बोलत नव्हती. विमल बोलायची.”

नागसेन हसणार होता. पण घरात वापरातला कप एकच होता. भगवंतरावांनी आधी त्याला चहा दिला, कप विसळला, मग स्वतः प्याले. हसणं राहून गेलं.

“आणखी फरक?”

“बोलताना मी देठावर आंगठा फिरवायचो. वरून खाच लागे, नालीसारखी. हिले नाई. पानं जाड होते, मेणावानी. चुना उडल्यासारखे पांढरे.”

नागसेन शेतीची पदवी घेऊन पोलिसात आला होता, कारण पोलिसभरती आधी निघाली. त्यानं देठ चाचपला. गोल, गुळगुळीत. पान पातळ, बदामी आकाराचं. नव्या पानाच्या बुडाशी वाळका पापुद्रा.

“किल्ली कोणाकडे होती?”

“शेजारच्या लीलाबाईकडे, पाणी घालाले. आन् वरच्या चंदनकडे. भाडेकरू हाय, जाण्यायेण्याची वाट इथूनच.”

चंदनच्या खिडकीत बिअरच्या बाटलीत एक फांदी होती. जाड पान, पांढरे शिंतोडे, देठावर खाच.

“ही कोणाची?”

“काकाचीच,” चंदन लाल झाला. “जाता-येता तोडली. एकच, आईशप्पथ!”

नागसेननं गल्लीत मान वर केली. बाटली, बरणी, फुटकी किटली. प्रत्येक खिडकीत तेच पान. ही चोरी नव्हती, वाटप होतं.

लीलाबाईंच्या खिडकीत मात्र काहीच नव्हतं. फक्त बरणीच्या बुडाएवढा ओला गोल.

“काकू, वेल आधी कशी होती?”

“आता हाय तशीच न बाप्पा! हिरवी-पिवळी. काहून?”

नागसेननं दोघांनाही व्हरांड्यात बोलावलं.

“जुनी वेल मनी प्लांट. विकत घेतला तर बरकत नाही, मागून आणला तर लागत नाही, चोरूनच आणायचा, हे सगळ्या गल्लीला पाठ. काका अकोल्याला गेले आणि एकेकानं जाळीतून हात घातला. प्रत्येकाची फांदी एकच. मातीत उरला खुंट.”

“मंग ही?” भगवंतरावांनी विचारलं.

“फिलोडेंड्रॉन. दिसायला बहीण. पण मनी प्लांटचं नवं पान जुन्या देठाच्या खाचेतून निघते, हिचं पापुद्र्यातून. वेल बदलायची तर कुलूप उघडावं लागते. किल्ल्या दोन. चंदननं बाटली खिडकीतच ठेवली. बदलणाऱ्यानं बरणी आधी लपवली, गोल पुसायचा राहिला. आणि काकू, काकांची वेल पांढरी होती. तिला पिवळी म्हणायची गरज फक्त पिवळी आणणाऱ्याला.”

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. “शेवटची मीच तोडली. मंग खुंट दिसला. म्हटलं, भाऊजी घरी येऊन कोणाकडे पाह्यतीन? नर्सरीत हेच भेटली.” त्या घरी गेल्या, फ्रिजमागची बरणी घेऊन आल्या. “घ्या भाऊजी.”

भगवंतरावांनी हात मागे घेतले.

“देलेली नाई जगत, वहिनी. विमलनंही चिखलदऱ्याच्या लॉजमधून चोरली होती. मी दारात राखण करत होतो.” त्यांनी बरणीतल्या फांदीकडे बोट केलं. “हे मेली तं मी काय करू?”

मग लीलाबाई घरी गेल्या, बरणी खिडकीत ठेवली आणि दार सताड उघडं टाकून देवळात निघून गेल्या.

भगवंतराव चपला हातात घेऊन आत शिरले. पंचनामा न करता नागसेन दारात पाठ करून उभा राहिला. बदली झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला कोणाची तरी सोबत होती.

“कोणी येऊन राहिलं का?” आतून कुजबुज आली.

नागसेननं रिकाम्या गल्लीवर नजर टाकली.

“कोणीच नाही, काका. घ्या.”