घरटी एक भाकरी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालातली ही गोष्ट. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चांदपाशा नालबंद नेहमीसारखा सकाळी आठला लुना काढून निघाला. मागे दोन्ही अंगांना पत्र्याचे डबे बांधलेले. फेरा ठरलेला होता. क्लासच्या चौकातून आत शिरायचं, सात होस्टेलांच्या मेसमागे उभं राहायचं, रात्रीच्या उरलेल्या पोळ्या, भात, वरणाचा गाळ डब्यांत भरायचा आणि औसा रोडवरच्या आपल्या आसऱ्यात परतायचं. डॉक्टर व्हायला आलेली हजारो लेकरं ताटात जेवढं टाकत, तेवढ्यावर चांदपाशाची एकतीस कुत्री जगत.

त्या सकाळी पहिल्या मेसला कुलूप होतं. दुसऱ्याही. तिसऱ्या मेसचा आचारी वीरभद्र उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होता.

"पोरं गेली, चांदचाचा. प्यायला पानी न्हाई, आंघोळीला न्हाई, ऱ्हातील कशी? मालक म्हनला, आता जूनला."

"अन् तू?"

"मी बी चाललो देगलूरला. कुत्र्यायला सांगा, औंदा रोजे लवकर आले म्हणून."

चांदपाशा हसला. पण रिकामे डबे लुनाला आपटत परत आले, तेव्हा फाटकाशी एकतीस शेपट्या हलत होत्या आणि त्याला खाली उतरायचं धाडस होईना.

त्याच्या बापजाद्यांनी टांग्याच्या घोड्यांना आणि बैलांना नाल ठोकले होते. भूकंपाच्या साली तो मदतीच्या ट्रकवर बसून पडलेल्या गावांत गेला, मोडल्या पायांची जनावरं बांधत महिनाभर राहिला, आणि येताना ज्यांच्यावर हक्क सांगायला कुणी उरलं नव्हतं अशी दोन कुत्री घेऊन आला. तिथून हा आसरा सुरू झाला. क्लासच्या चौकात रिक्षा स्टँडजवळ त्याचा एक फळा होता. त्यावर तो दर आठवड्याला आसऱ्याची बातमी लिही: कोण नवं आलं, कुणाचा पाय बरा झाला, कुणी काय दिलं. फळ्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या रंगात नियम कायमचा लिहिलेला होता: 'जो महिनाभर एका जिवाची भाकरी घालील, त्याच्या नावाचा बिल्ला त्या जिवाच्या गळ्यात. महिना भरला की जीव त्याचा. केव्हाही न्यावा.' पोरं-पोरी हौसेनं भाकरीचे पैसे देत, रविवारी येऊन आपल्या नावाचं कुत्रं कुरवाळत. घरी मात्र कुणी नेत नसे. होस्टेलात कुत्रं कोण ठेवू देणार?

आठवडाभर साबेरानं घरची ज्वारी घातली. मग पिठाचा डबा खरवडल्याचा आवाज आला आणि ती ओढणीनं हात पुसत बाहेर आली.

"अजी, आता मला दळून घाला."

दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी आपल्यातल्याच एका म्हाताऱ्या कुत्र्याला कोपऱ्यात धरलं. चांदपाशानं मध्ये हात घालून त्याला सोडवलं, तर त्याच्याच मनगटाचं कातडं फाटलं. सगळे सांगत होते, सोडून दे मोकळी. पण समोर हायवे होता, टँकरची रांग दिवसरात्र धावत होती. सोडलेलं एकही कुत्रं रस्ता ओलांडून पलीकडे पोचलं नसतं.

फडकं बांधलेल्या हातानं त्यानं फळ्यावर लिहिलं: 'एकतीस जीव उपाशी आहेत. मेस जूनला उघडतील. तोवर घरटी एक भाकरी द्यावी.'

दोन दिवस कुणी फिरकलं नाही. घरोघरची माणसं स्वतःच घागरी घेऊन रांगेत उभी होती. त्यांना तरी काय बोल लावायचा?

तिसऱ्या दिवशी टळटळीत बारा वाजता, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना, फाटकाशी एक बाई उभी राहिली. डोईवर टोपली. नऊवारीचा रंग कळू नये इतकी ती धुळीनं माखलेली. एरवी फाटकाशी पान पडलं तरी एकतीस गळे एकदम सुटत. त्या दुपारी एकही कुत्रं भुंकलं नाही. सगळी पोटावर बसली आणि त्यांनी कान मागे टाकले.

"कुत्र्यायला भाकरी आणल्यात," बाई म्हणाली. "घरटी एक. एकतीस हायेत."

चांदपाशानं फडकं उचललं. ज्वारीच्या भाकरी, बोटांचे ठसे उमटलेल्या, नुकत्या तव्यावरून काढल्यासारख्या ऊन. वाफेबरोबर आणखी एक वास आला... जुनी मातीची भिंत पाडल्यावर येतो तसा, थंड, कोंदट.

"कुठनं आल्या, माय?"

"कवठाळीवरनं."

कवठाळी चाळीस-बेचाळीस किलोमीटर. चांदपाशानं पुन्हा भाकरीवर हात ठेवला. चटका बसला. पण मागे कुत्र्यांची पोटं पाठीला लागली होती, आणि उपाशी लेकराच्या बापानं भाकरीचा पत्ता विचारू नये.

"पानी घ्या थोडं. सावलीत बसा."

"नगं. आमाला लागत न्हाई."

"मग नावं तरी सांगा. आमचा नियम हाय, देणाऱ्याचं नाव जनावराच्या गळ्यात पडतं."

"ठावं हाय नियम," बाई म्हणाली, आणि एकेक घर सांगत गेली. देवळापासून सुरुवात केली, एका गल्लीनं खाली उतरली, दुसरीनं वर आली. मध्ये एकदाही थांबली नाही. शेवटचं नाव तिचं स्वतःचं होतं, कावेरीबाई.

त्या संध्याकाळी चांदपाशानं ऐरण काढली आणि छिन्नीनं पत्र्यावर एकतीस नावं कोरली. साबेरा दिव्याची वात नीट करत म्हणाली, "अल्लानं ऐकलं म्हणायचं."

"हाव," तो म्हणाला. पण बिल्ले बांधताना कुत्री थरथरत होती, ते त्यानं तिला सांगितलं नाही.

रोज बाराच्या ठोक्याला टोपली यायची. एका भाकरीवर कुत्रं धष्टपुष्ट होत नाही, पण मरतही नाही. आठ दिवसांत त्यांच्या डोळ्यांत तेज आलं, ती पायांवर नीट उभी राहू लागली. चांदपाशानं आनंदानं फळ्यावर बातमी लिहिली, कवठाळीकरांचे आभार मानले आणि एकतीस नावं ओळीनं घातली.

एक गोष्ट मात्र साबेराला खुपत होती.

"ही भुंकत का न्हाईत?"

"पोट भरल्यावर माणूस तरी कुठं वरडतं?"

"माणूस वरडतंच. तुम्ही रोज जेवून वरडता."

तो हसला, पण त्या दिवसापासून त्याचंही लक्ष जाऊ लागलं. पोस्टमन आला, कुत्री बघत राहिली. रस्त्यावरून माकडवाला गेला, कुत्री बघत राहिली. आणि बारा वाजायच्या जरा आधी सगळी उठायची, दक्षिणेकडे, कवठाळीकडे तोंड करून ओळीनं बसायची. मग मागून कितीही हाक मारा, एकही वळून बघायचं नाही.

चोविसाव्या दिवशी एस.टी.चा एक कंडक्टर फाटकाशी आला. चाळिशीचा माणूस, खांद्याला तिकिटाची पिशवी तशीच. कवठाळीचा अर्जुनराव, असं त्यानं सांगितलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"चांदभाई, फळ्यावरची नावं तुम्ही कुठून उतरून घेतली?"

"बाईनं सांगितली. भाकरी आणते ती."

"कवठाळी दोन हायेत. एक नवी, पुनर्वसनाची. आम्ही सगळे तिथं ऱ्हातो. एक जुनी. तिथं आता बाभळी हायेत नुसत्या. ती नावं जुन्या गावातली हायेत. वरची अन् खालची गल्ली. माझं बी घर तिथलंच. भूकंपात त्या दोन गल्ल्यांत एक माणूस वाचलं न्हाई, चांदभाई... एक बी न्हाई."

उन्हात दोघं उभे होते. कुत्री दक्षिणेकडे बघत होती.

"तुम्ही कसे वाचलात?"

"मी लातूरला होतो. बारावीच्या क्लासला. होस्टेलात." अर्जुनरावनं पिशवीचा पट्टा घट्ट धरला. "कावेरीबाई माझी आई."

चांदपाशानं त्याला आत आणून खाटेवर बसवलं. साबेरानं पाण्याचा तांब्या दिला, पण त्यानं तो नुसताच हातात धरून ठेवला.

"त्या साली गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. दोन लेकरांना चावलं. मोठ्या माणसांनी ठरवलं की गावात कुत्रंच नको. घरटी एक भाकरी गोळा केली. मी क्लासवरनं सुट्टीला गेलो होतो, शिकलेलं पोरगं म्हणून औषधाचं माप माझ्याच हातात दिलं. टोपली आईच्या डोईवर होती. एका दुपारी, बारा वाजता, सगळी कुत्री संपली." त्यानं तांब्या खाली ठेवला. "नंतर आठवडाभरानं गणपती बोळवून गाव झोपलं. पहाटे जमीन हलली. आजूबाजूच्या गावांतली माणसं सांगतात, आधी कुत्री येड्यासारखी भुंकत होती, म्हणून काही जण उठून बाहेर आले. आमच्या गावात... भुंकायला कुणी नव्हतं."

साबेरा दाराला टेकून खाली बसली.

"माझं काही विचारती का?" अर्जुनरावनं हळू आवाजात विचारलं.

चांदपाशाला एका दुपारचं बोलणं आठवलं. खरं सांगावं की नको, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं सांगितलं. "एकदा म्हणाली, ल्योक लातूरला शिकतोय. त्येला कळवू नका. अभ्यास मोडंल."

अर्जुनराव उठला. तिला बघायला थांबा म्हटलं तरी थांबला नाही. फोन नंबर देऊन बारा वाजायच्या आत तो रस्त्याला लागलेला होता.

तो गेल्यावर साबेरा म्हणाली, "बिल्ले काढा. आत्ताच काढा. भाकरी नको त्यांची."

"अन् खायला काय घालू? मेस उघडायला महिना हाय अजून."

"महिना भरला की जीव त्यांचा, असं तुम्हीच लिवलंय. सहा दिवस ऱ्हायले. मुर्दे लोक ह्यांना कुठं नेतील, अजी?"

चांदपाशानं म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला काढला. त्या दुपारी त्या कुत्र्यानं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याला उठता येईना. चांदपाशानं रडत रडत बिल्ला परत बांधला, तेव्हा ते भाकरीचा तुकडा चघळू लागलं. मग बाकीच्या तीस बिल्ल्यांना हात लावायची त्याची छाती झाली नाही.

तिसाव्या दिवशी बारा वाजता बाई आली. टोपली खाली ठेवून ती फाटकाच्या आत आली. आजवर ती आत आली नव्हती.

"महिना भरला, भाऊ."

चांदपाशानं हात जोडले. "माय... मी ह्यांना लेकरासारखं वाढवलंय. जीव नेऊ नका यांचा. दुसरं काय लागंल ते न्या. माझं न्या..."

बाईनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. तिच्या पापण्यांवरही पांढरी माती होती.

"जीव कशाला नेऊ? पाप एकदा झालं तेवढं बास हाय." ती कुत्र्यांच्या ओळीकडे वळली. "आमाला निस्तं भुकणं पायजे. गावात लई सामसूम हाय, भाऊ. माणसं झोपल्यात... कुणीतरी उठवाया पायजे."

"भुंकणं?"

"तेवढंच."

चांदपाशाला एकदम सुटल्यासारखं झालं. एकतीस जीव वाचत होते, आणि बदल्यात मागितलं काय, तर नुसता आवाज. त्यानं दुसरा विचार केलाच नाही.

"हाव," तो म्हणाला. "ते न्या."

बाईनं भाकरी फडक्यावर काढल्या, रिकामी टोपली डोईवर घेतली आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. प्रत्येक कुत्र्यापाशी जरा वाकली. त्याच्या गळ्याखाली हात फिरवला. मग निघाली. जाताना टोपली जड झाल्यासारखी तिची मान वाकली होती.

त्या दिवसानंतर ती आली नाही. ठरल्या वेळी टोपली मात्र फाटकात असायची, मेस उघडेपर्यंत.

चार दिवसांनी अर्जुनरावचा फोन आला. तो कुजबुजत होता. "चांदभाई, जुन्या गावठाणातून आवाज येतोय... कुत्र्यांचा. नव्या गावात सगळ्यांना ऐकू येतो. माणसं बघायला गेली होती. तिथं एक बी कुत्रं न्हाई."

"भुंकतात?"

"भुंकतात. मग मध्येच गप होतात... अन् दारं उघडल्यासारखं वाजतं. ओळीनं, एकेक."

जूनला पाऊस झाला, टाक्या भरल्या आणि पोरं परतली. पहिल्यापेक्षा जास्त आली. क्लासच्या चौकात होस्टेलांवर नवे मजले चढले होते, एकेका खोलीत सहा-सहा खाटा. चांदपाशाचे डबे पुन्हा भरून येऊ लागले. कुत्री अंगानं भरली, खेळू लागली, हाक मारली की धावत येऊ लागली. साबेरा नमाजानंतर त्यांच्यासाठी दुआ मागायची. कुत्र्यांच्या तोंडातून आवाज तेवढा निघत नव्हता. चांदपाशा स्वतःला समजवायचा की मुकं तर मुकं, जिवंत आहेत.

एका रविवारी सकाळी धर्माबादची एक नवी पोरगी आली, नाझनीन नावाची. अकरावीला लागलेली, घरची आठवण काढून डोळे सुजलेले. मैत्रिणीनं सांगितलं, इथं कुत्र्यांशी खेळायला मिळतं. पिवळ्या ओढणीच्या शेवात तिनं बिस्किटं बांधून आणली होती. चांदपाशा पाण्याची टाकी घासत होता आणि तिच्या हसण्याचा आवाज ऐकून त्याला बरं वाटत होतं.

मग हसणं थांबलं.

"अंकल, ही बिस्किटं खात न्हाईत."

त्यानं मान वर केली. एकतीस कुत्री फाटकाच्या कडेला उभी होती. चारी पाय मातीत रोवलेले, अंगावरचे केस ताठ. तोंडं दक्षिणेकडे नव्हती. सगळी उत्तरेला, शहराकडे वळलेली होती, होस्टेलांच्या उंच इमारतींकडे. मानेच्या शिरा फुगलेल्या. जबडे उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते... जिवाच्या आकांतानं, एकदम, एका लयीत. आणि आवाज कसलाच नव्हता. दुरून क्लासची घंटा ऐकू येत होती.

टाकीतल्या पाण्यावर बारीक तरंग उठला. चांदपाशानं हात बाहेर काढला होता, तरीही उठला.

"अंकल," नाझनीननं हसत विचारलं, "यांना सगळ्यांना एकदम जांभया कशा येऊन राहिल्या?"