ढालीवरचा हात

“कडी खालच्या कडेला ठोक.”

रेबेकाच्या हातातला हातोडा जागच्या जागी थांबला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फळी पडली होती. तिच्यावरचा निळा रंग अजून पुरता वाळला नव्हता आणि सोनेरी ताऱ्याचं एक टोक रंगवायचं राहिलं होतं. चुलीजवळच्या खुर्चीत सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसलेले तिचे वडील, आम्ब्रुश फ्यूझेशी, तिच्याकडे न बघता बोलले होते.

“बाबा, कडी खाली ठोकली तर फळी उलटी लटकेल.”

“उलटीच लटकायची आहे. माझ्याबरोबर घराणं संपलं.”

“असं कसं संपलं? दानिएल...”

“ते नाव या घरात नको!”

रेबेकाने हातोडा खाली ठेवला. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिने फ्यूझेश गावातल्या चौदा मयतांच्या फळ्या रंगवल्या होत्या. सामोश नदीकाठच्या त्या मुलखात सरदार घराण्यातलं माणूस गेलं की त्याच्या कुलचिन्हाची फळी रंगवून शवपेटीवर ठेवायची, आणि दफनानंतर ती देवळाच्या भिंतीवर टांगायची, अशी रीत होती. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला, तर मात्र फळीवरची ढाल डोकं खाली, पाय वर अशी टांगत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं की हे चिन्ह मिरवणारं आता कुणी उरलं नाही. गावच्या देवळात अशा उलट्या फळ्या दोनच होत्या, आणि आया आपल्या मुलांना त्यांच्याकडे बोट दाखवू देत नसत. आता तिसरी लागायची होती. आणि जिच्या घराण्याला जिवंतपणी मूठमाती द्यायची, तिनेच ती रंगवायची होती!

एवढ्या मानपानावरून कुणाला वाटेल की फ्यूझेशमध्ये मोठमोठे वाडे असतील. तसं काही नव्हतं. गावातल्या नऊ घराण्यांकडे राजाची सनद होती आणि त्यातल्या आठांकडे धड बूट नव्हते. शेजारच्या गावचे लोक त्यांना ‘पायताणी सरदार’ म्हणून चिडवत. ही मंडळी आपलं शेत आपणच नांगरत, शेण आपणच काढत, पण देवळात पुढच्या बाकांवर बसत, आणि मागच्या बाकावरच्या घरात मुलगी द्यायची किंवा तिथून आणायची म्हटलं की त्यांच्या अंगाची लाहीलाही होई. आम्ब्रुशकडे दोन गायी, सात एकर जमीन आणि पत्र्याच्या नळकांड्यातली एक कातडी सनद होती. त्यातली सनद त्यांना सगळ्यात जास्त प्रिय होती.

दर नव्या वर्षाच्या दिवशी ते ती बाहेर काढत आणि मुलांना समोर बसवत. निळी ढाल म्हणजे रात्रीचं आकाश. तारा म्हणजे त्या रात्री लढाईवर लक्ष ठेवणारा देव. वाकलेला हात म्हणजे मूळपुरुष मात्याश, हातातली तलवार म्हणजे त्याने कापलेले अकरा तुर्क, आणि खालचा लाटांचा पट्टा म्हणजे तुर्कांच्या रक्ताची नदी. “मग रक्त पांढरं का, बाबा?” असं लहानग्या दानिएलने एकदा विचारलं, तेव्हा त्याच्या कानाखाली असा आवाज निघाला होता की गोठ्यातली गाय दचकली.

तोच दानिएल सव्विसाव्या वर्षी नावाड्याच्या मुलीच्या, आनिकोच्या प्रेमात पडला. “तलवारीच्या घरात नावेचा दांडा येणार नाही!” बाबा गरजले. दानिएल निघून गेला, आनिकोशी लग्न केलं आणि पलीकडच्या काठावर सासऱ्याबरोबर नाव चालवू लागला. घरापासून काठ तीनशे पावलांवर. सतरा वर्षांत ती तीनशे पावलं बाबा एकदाही चालले नाहीत, आणि दानिएलही परत फिरला नाही.

दानिएलहून एक वर्षाने मोठ्या असलेल्या रेबेकाचं लग्न त्याच हेमंतात व्हायचं होतं. मिक्लोश नावाचा शाळामास्तर होता, शांत, जरासा विसरभोळा. बोलता बोलता तिच्या ओंजळीत अक्रोड ठेवायचा. तोही मागच्या बाकावरचाच, पण बाबांनी त्याला कसाबसा होकार दिला होता. दानिएल गेला आणि बाबांनी अंथरूण धरलं. “आता तूही जा,” एवढंच ते म्हणाले. रेबेका गेली नाही. मिक्लोश बदली घेऊन तोर्दाला गेला आणि जाताना त्याने तिला काही विचारलं नाही... विचारलं असतं तर तिचा निश्चय टिकला असता की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी सनदेवरच्या चित्राचा रंग झडत चालला होता म्हणून तिने ती दुरुस्तीसाठी घेतली. मुठीच्या वरचा सगळा भाग उडाला होता. तलवार नेमकी कशी होती हे बघायला तिने पाद्री गाशपारांना खालचा लॅटिन मजकूर वाचायला सांगितला. सनदेत चित्राचं वर्णन शब्दांत लिहिलेलं असतं. पाद्रींनी चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि तिच्याकडे बघत राहिले. तलवार नव्हतीच! हातात होता नाव ढकलायचा दांडा. पांढरा पट्टा म्हणजे साधी सामोश नदी, पुराची. मात्याश हा फ्यूझेशचा नावाडी होता, आणि पुरातून त्याने राजाच्या गरोदर राणीला पैलतीरी नेलं म्हणून ही ढाल मिळाली होती. पणजोबांच्या काळी कुणा चिताऱ्याने झडलेल्या दांड्याची तलवार केली, आणि मग पिढ्यानपिढ्या सगळे चित्रावरून चित्र काढत राहिले. अक्षरं कुणी वाचली नाहीत. वाचायला लॅटिन यायला हवं होतं, आणि कुणाला विचारायचं तर येत नाही हे कबूल करायला हवं होतं. पायताणी सरदारांना ते कुठलं जमायला!

“बाबांना सांगू नका,” रेबेका पाद्रींना म्हणाली, आणि घरी येऊन तिने स्थिर हाताने सनदेवर तलवार रंगवली.

आज टेबलावरच्या फळीवर तीच तलवार होती.

“मी कडी खाली ठोकणार नाही, बाबा,” ती म्हणाली.

“मग सुताराकडून ठोकून घेईन.” बाबांना दम लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आलुबुखार झाडावरून उतरेपर्यंत दिवस काढले तर पुष्कळ. झाडं तर आताच जांभळी झाली होती.

रेबेकाने शाल घेतली आणि ती नदीवर गेली. दानिएल या काठाला नाव लावून बसला होता, कानापाशी पांढरा झालेला. तिने उलट्या फळीचं सगळं सांगितलं. तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं.

“टांगू दे उलटी. मी खाली डोकं वर पाय करून बघेन, मला सरळ दिसेल.”

“दानी, थट्टा नको रे. एकदा ये. म्हातारे झालेत ते.”

“त्यांनी बोलावल्याशिवाय मी येणार नाही, ताई. आणि एकटा तर मुळीच नाही. आनिकोला त्या उंबऱ्यावरून परत पाठवली होती, आठवतं? पावसात उभी होती ती.” त्याने बहिणीकडे पाहिलं. “आणि तू? तू कशाला माझ्यासाठी धावतेस? माझ्यामुळे तुझं सगळं गेलं. मी त्या मास्तराला नावेतून पलीकडे नेला होता. सबंध नदीभर तो तुमच्या घराकडे बघत होता.”

रेबेकाला हे माहीत नव्हतं. तिने शाल अंगाभोवती ओढली आणि ती परत फिरली. पण चढण चढताना तिच्या मनात काहीतरी उलटंपालटं होत गेलं. नऊ वर्षं तिने एका म्हाताऱ्याचा अभिमान जपला होता, आणि त्याच अभिमानाने एका जिवंत माणसाची तिरडी बांधायला घेतली होती. यात त्याग कसला? हा तर भ्याडपणा!

घरात शिरताच ती वडिलांसमोर उभी राहिली.

“बाबा, ती तलवार नाहीये. तो नावेचा दांडा आहे.”

आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला. “त्या पोराने शिकवलं तुला हे? नावाड्याच्या घरचं मीठ खाऊन आलीस?”

“मला नऊ वर्षांपासून ठाऊक आहे. पाद्रीसाहेबांना विचारा.”

“बोलाव त्याला! आत्ता बोलाव! माझ्यासमोर वाचू दे!”

पाद्री गाशपार आले. आम्ब्रुशनी स्वतःच्या हातांनी नळकांडं उघडलं. पाद्रींनी सनद खिडकीशी नेली आणि एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगितला, कुठे घाई नाही, कुठे मीठमसाला नाही. नावाडी मात्याश. पूर. राणी. दांडा. आम्ब्रुश खुर्चीचा हात घट्ट धरून ऐकत होते.

“पुढे?” ते खरखरीत आवाजात म्हणाले. “अजून आहे ना खाली? वाचा.”

“पुढे नेहमीचं आहे,” पाद्री म्हणाले. “हा मान त्याला, त्याच्या बायकोला, ओर्शोल्याला, आणि त्या दोघांच्या पुढच्या सगळ्या संततीला... मुलग्यांना आणि मुलींना, सारखाच.”

“मुलींना?”

“असंच लिहिलंय. सगळ्याच सनदांत असतं, आम्ब्रुश. आपण फक्त वाचत नाही.”

पाद्री गेले. चुलीत लाकडं तडतडत होती. रेबेका वाट बघत होती: आता ओरडतील, आता मला घराबाहेर जायला सांगतील...

“नऊ वर्षं,” बाबा शेवटी म्हणाले. “तोंडावर का नाही फेकलंस माझ्या? तुझ्या जागी मी असतो तर त्याच दिवशी फेकलं असतं.”

“तुमच्याजवळ दुसरं होतं काय, बाबा?”

आम्ब्रुशनी तोंडावर हात धरला. त्यांचे रुंद खांदे हलू लागले. आईच्या मयतालाही ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तिचे बाबा हुंदके देत रडत होते, आणि काय करावं हे न सुचून रेबेकाने त्यांच्या पायांवरची घोंगडी सारखी केली.

“तू होतीस ना!” ते म्हणाले. “सतरा वर्षं समोर बसून माझी लापशी ढवळत होतीस, आणि मी गावभर सांगत होतो, माझ्यामागे कुणी नाही म्हणून... तुझ्याकडून फळी रंगवून घेत होतो, कुणी नाही म्हणून! पोरी, आंधळा होतो गं मी!”

“असू दे, बाबा.”

“असू कसं दे?” त्यांनी बाहीने नाक पुसलं. “गाडी जुंप.”

“आत्ता? डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही...”

“डॉक्टरला काय जातंय! जुंप म्हणतो ना.”

तिने गायी जुंपल्या, गाडीत गवत घातलं आणि शेजाऱ्याच्या मदतीने त्यांना वर चढवलं. दुपार कलत आली होती. तीनशे पावलांची वाट गायींनी सावकाश काढली. कुंपणाकुंपणावर माना वर झाल्या. उद्या देवळाच्या पायऱ्यांवर कशाची चर्चा होणार हे रेबेकाला पक्कं कळलं. अर्ध्या वाटेवर बाबांनी विचारलं,

“तो मास्तर... काय नाव त्याचं?”

“मिक्लोश.”

“कुठे असतो?”

“तोर्दाला. तीन मुलं आहेत त्याला. बायको चांगली आहे म्हणतात.”

“हं.” चाकांचा आवाज येत राहिला. “ते मला आता परत करता येणार नाही तुला.”

“नाही येणार,” रेबेका म्हणाली. खोटं बोलायची तिची इच्छा संपली होती, आणि गंमत म्हणजे ते खरं बोलून तिला हलकं वाटलं.

गाडीसकट माणसं नेणारी मोठी नाव आणि एक छोटी, दोन्ही पलीकडच्या काठाला होत्या. दानिएल पाठमोरा उभा राहून काहीतरी दुरुस्त करत होता. रेबेका हाक मारायला पुढे झाली, तसा बाबांनी तिला मागे ओढलं. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी आपल्या फुटक्या छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला.

“नावाडी! ए नावाडी!”

दानिएल वळला. हाक मारणाऱ्याला नावाडी नाही म्हणत नाही, मग तो कुणी का असेना. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. गाडी ओळखली, गायी ओळखल्या, गवतावर बसलेला माणूसही ओळखला असणार. तरी तो बराच वेळ हलला नाही. मग एका उतारूसाठीची छोटी नाव होती, तिचा दोर त्याने हातात घेतला आणि कुठल्याही परक्या उतारूला विचारावं तशा कोरड्या आवाजात ओरडून विचारलं,

“कोण आहे? किती जण?”

आम्ब्रुशनी रेबेकाचं मनगट धरलं. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती, पण पकड घट्ट होती.

“तुझा बाप!” ते ओरडले, आणि खोकल्याने वाकले, आणि पुन्हा सरळ झाले. “आणि माझी रेबेका! आम्ही दोघं आहोत! तुझ्या बायकोची माफी मागायला यायचंय मला, दानी... येऊ देईल का ती?”

 रेबेकाला समोरचं धूसर दिसू लागलं; सतरा वर्षांत न आलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून वाहत होतं आणि पुसायला तिचा हात मोकळा नव्हता, कारण बाबा तो सोडत नव्हते. पलीकडच्या घराच्या दारात आनिको येऊन उभी राहिली होती. ती नवऱ्याला काहीतरी म्हणाली. इतक्या लांबून ते ऐकू आलं नाही.

दानिएलने छोट्या नावेचा दोर परत खुंटीला बांधला, आणि तो मोठी नाव सोडायला गेला.