तिसऱ्या अंकातलं पद

"बुवा, उठा. आमच्या घरच्यायले चोर ठरवून राह्यले."

सुभद्राबाई देऊळघाटच्या मारुतीच्या ओट्याशी उभी होती. डोक्यावर वांग्यांची पाटी तशीच. मोताळ्याचा बाजार अर्धा सोडून ती तडक आली होती.

शालिग्रामबुवा वीणेची खुंटी पिळत होते. हात थांबला. तिचा नवरा कडूबा बुवांच्या कीर्तनात मृदंग धरायचा, मोताळ्याच्या नाट्यमंडळात तबला. मृदंगाला चुकून पाय लागला तर दिवसभर उपास करणारा माणूस. त्यानं काय चोरलं?

बाईनं एका दमात सगळं सांगितलं. मंडळानं आजोबांच्या काळातलं एक संगीत नाटक पुन्हा उभं केलं होतं. स्पर्धेच्या बाहेरगावच्या परीक्षकांपुढे खेळ झाला. दुसऱ्या दिवशी शेषराव कापडवाल्यानं हॉटेलात छातीठोकपणे सांगितलं, की बक्षिसाच्या शिफारशीत कोणाकोणाची नावं येणार. गायनात मंडळाचे चिटणीस वामनराव यांचे जावई भगवानराव, तेही तिसऱ्या अंकातल्या पदासाठी. आठवड्यानं वामनरावांनी परीक्षकांनी पाठवलेल्या शिफारशी वाचून दाखवल्या. शब्दन् शब्द तोच!

गावात बोंब झाली, नावं फुटली. वामनराव म्हणाले, परीक्षक देऊळघाटात कडूबाच्या घरी जेवले, तिथूनच फुटली. आज संध्याकाळी बैठक. कडूबाला मंडळातून काढायचं, आणि जिल्ह्यातल्या कुठल्या रंगमंचावर बसू द्यायचं नाही.

"तबला गेला तं हा मानूस जगनार नाही, बुवा."

बुवांच्या नाकपुड्या फुलल्या. कीर्तनात रावणावर चढायचा तो आवाज आतल्या आत घुमायला लागला. खेळाच्या दिवशी ते पिंपळगाव राजाला कीर्तनाला होते, म्हणजे पाहिलेलं काहीच नाही. विचारावंच लागणार होतं. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि मोताळ्याची एस्टी गाठली.

शेषराव दुकानात थान उलगडत होता.

"नावं कोनं सांगतली तुले?"

"कोनी नाही, बुवा. अंदाज हाय आपला. नाटकं पाहू पाहू डोळा बसला."

"भगवानरावाचंच नाव काऊन?"

"तिसऱ्या अंकातलं पद ऐकलं असतं तं तुमी इचारलंच नसतं. काटा आला अंगावर."

"बसला कुठं होता?"

"पहिल्या रांगेत."

बुवा दुकानाच्या पायऱ्या उतरले.

कडूबा मंडळाच्या खोलीत बसला होता. सकाळपासून अन्नाला शिवला नव्हता. परीक्षक जेवताना काय बोलले, असं विचारलं तर म्हणाला, झुणका तिखट आहे एवढंच.

"बरं, मले खेळ सांग. तिसरा अंक."

कडूबाचा चेहरा जरा उजळला. अंक सुरू झाला तो रुखमाबाईच्या अभंगानं. नायिकेचं काम तीच करायची. लोक तिला सोडीनात, वन्समोअरवर वन्समोअर. तिसऱ्यांदा तिचं भान राहिलं नाही आणि तोच अभंग तिनं भैरवीत घेतला.

"मंग?"

"मंग काय, बुवा? तबल्यावर फडकं टाकलं. पुढचं नुसतं बोलून निभावलं."

"वामनराव कुठं होते?"

"मागं. परीक्षकायच्या फराळाचं पाहत होते."

बुवा उठले. "चाल बैठकीले. मान खाली घालशीन तं मी बोलनार नाही तुह्याशी."

शाळेच्या खोलीत सारं मंडळ जमलं होतं. सुभद्राबाईही मागं येऊन उभी राहिली होती. बुवांनी वामनरावांना गायनाची शिफारस पुन्हा सांगायला लावली. त्यांनी ऐटीत सांगितली : भगवानराव, तिसऱ्या अंकातलं पद.

बुवा जावयाकडे वळले. "जावईबापू, ते पद कवा गायले तुमी?"

भगवानराव जमिनीकडे बघत म्हणाले, "नाही गायलो."

"कसे गानार? भैरवी झाली का गानं सरलं. माह्या कीर्तनात तेच, तुमच्या नाटकात तेच. रुखमाबाईनं भैरवी आधीच घेतली, म्हनून शेवटचं पद मंडळानं सोडलं. जे पद झालंच नाही, ते परीक्षकायनं ऐकलं कुठून? तुमाले वाटलं, वामनराव वाचताना चुकले. पन हेच पद शेषराव आठवडाभर आधी सांगत होता. दोघायची एकच चूक कशी झाली? नावं खेळाच्या आधीच ठरली होती, अन् ठरवनाराले खेळात काय झालं त्याचा पत्ता नव्हता. तो तं मागं फराळ वाढत होता. अन् कडूबा? यानं सोताच्या हातानं तबला झाकला. हा नावं फोडता, तं हे पद सांगता का?"

शेषराव दाराशी होता. सगळे त्याच्याकडे वळले तसा तो फुटला. खेळाच्या आदल्या दिवशी वामनरावांच्या ओसरीवर ऐकलं होतं. खेळाला तो गेलाच नव्हता, माल आणायला खामगावला होता.

वामनरावांचा आवाज पार बसला. "परीक्षकांनी रुखमाबाईंचं नाव दिलं होतं. मी बदललं. लेकीच्या सासरी मान राहावा म्हणून..." त्यांनी हात जोडले. "चुकलो, कडूबा."

"काऊन हो," सुभद्राबाई म्हणाली, "चोर म्हनतानी एवढेच हळू बोलले होते का?"

वामनरावांना पुन्हा म्हणावं लागलं, रस्त्यावर ऐकू जाईल असं.

सगळे बुवांकडे बघायला लागले. क्षमेवर निरूपण करावं तर बुवांनीच, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. बुवांनी तोंड उघडलं, पण तो शब्द काही केल्या येईना. यावा असं त्यांना वाटतही नव्हतं.

"चाल, कडूबा," ते म्हणाले. "एस्टी निघून जाईल."