न वळणारी मूठ

खरं तर समाधान दवाखान्यात एका कागदापुरता गेला होता. मोडलेल्या मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, आता चाकणच्या कंपनीला फिटनेसचं पत्र दिलं की झालं. पण तळवड्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी समोरच्या फिजिओथेरपीच्या काचेच्या दाराकडे बोट केलं. "पंधरा दिवस व्यायाम. दिपाली मॅडमचा शेरा आला की पत्र देतो."

दार ढकलायला त्याने सवयीने उजवाच हात लावला आणि कळवळला. आतून कुणीतरी दार ओढलं. कानामागे पेन, डोळ्यांत हसू...

"डाव्या हाताला काय झालंय?" तिने विचारलं.

अहमदपूरहून आलेल्या त्या साध्यासुध्या गड्याचा तिथेच निकाल लागला.

मग रोज अर्धा तास त्याचा हात तिच्या हातात. गरम पाण्यातून काढून, पुसून, ती एकेक बोट वळवायची. एकदा तिने एक्स-रे उजेडात धरला. मोडलेल्या जागी पांढुरकी गाठ दिसत होती.

"हे नवं हाड. आधी तिथे कूर्चा येते, नाकाच्या शेंड्यासारखी मऊ. मग त्यात कॅल्शियम भरतं. लहान मुलांची हाडंसुद्धा अशीच वाढतात."

"म्हणजे मी अजून वाढायलोय म्हणा की, मॅडम."

"हाड वाढतंय. अकलेचं मला माहीत नाही."

दहा दिवस असे सुखाचे गेले, आणि सोमवारी रणजीत आला.

चिखलीच्या जुन्या घराण्यातला. बैलगाडा शर्यतीत घाटावर घसरून गुडघा दुखावलेला. हातात स्टीलचा डबा. "दिपाली, खरवस आणलाय. आई म्हणली, समोर बसून खायला लाव तिला."

मॅडम नाही, दिपाली! शाळेत एका वर्गात होते म्हणे. समाधानच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने त्यालाही खरवसाची वडी दिली, ती त्याने औषधासारखी गिळली. आणि वर हे ऐकावं लागलं...

"रणजीत, हाडात रक्त खेळतं, म्हणून ते लवकर जुळतं," ती त्याचा गुडघा हलवत सांगत होती. "कूर्चेला रक्तच नसतं. तुझी गुडघ्यातली गादी दुखावलीय. महिने लागतील."

समाधानने मनात मोजलं. आपले उरले पाच दिवस, आणि ह्याचे महिने! दुसऱ्याच्या गुडघ्याचा हेवा करायची वेळ त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली. स्वतःच्या शहाण्या हाडाचा त्याला मनापासून राग आला.

मंगळवारपासून त्याची मूठ वळेनाशी झाली.

"काल तर इथपर्यंत येत होती," तिच्या कपाळावर आठी पडली.

"दुखायलंय की, मॅडम."

ती हात जास्त वेळ धरून ठेवायची. त्याला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं. घरी पिळायला दिलेला स्पंजचा चेंडू पिशवीतच पडून होता. सुपरवायझरचा फोन आला, "भावा, सोमवारी एक तारीख. पत्र नाही आलं तर पर्मनंटच्या यादीतून नाव जाईल." तरी मूठ उघडीच.

शुक्रवारी पडद्यापलीकडून रणजीतचा आवाज आला. "रविवारी आई येतीय तुमच्या घरी, दापोडीला. काय सांगू तिला?"

दिपाली हसली. पुढचं ती हळू बोलली, ते काही ऐकू आलं नाही. समाधानचे कान मात्र तापले.

रणजीत लंगडत बाहेर आला आणि चांगल्या मनाने हात पुढे केला. "काय भाऊ, लवकर बरं व्हा."

समाधानने तो हात धरला. धरला तो धरलाच. मनगटातून कळ गेली, तरी सोडला नाही.

"आई गं... आरं सोड की! बैलाची येसण हाय व्हय ही?"

दिपालीने पेन खाली ठेवलं. रणजीत बोटं चोळत बाहेर पडला. ती समाधानसमोर येऊन बसली.

"पूर्ण वळतेय."

त्याने हात मांडीखाली सरकवला.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून..." त्याची मान खाली गेली. "त्याला महिने मिळाले, मला पाचच दिवस. जळायलो, मॅडम. खरवसावर सुद्धा जळलो."

"आणि नोकरी?"

"गेली तर गेली."

"गेली तर गेली? मग मी घरी काय सांगू?" आता तिचाच आवाज कापला. "रणजीतला आत्ताच सांगितलं मी, काकूंना पाठवू नकोस. कुणी पेशंट असेपर्यंत त्याला मनातलं बोलायचं नाही, हा माझा नियम. पंधरावा दिवस कधी येतोय म्हणून मी बोटांवर मोजत होते... आणि तुम्ही मूठ उघडी ठेवून बसलात."

समाधानला जळवणारे ते पाच दिवस संपायची ती एवढी वाट बघत होती.

तिने त्याचा कागद ओढला. शेरा लिहिला – हात कामाला योग्य. खाली सही.

"आता तुम्ही माझे पेशंट नाही." तिने आपला तळवा त्याच्या तळव्यात ठेवला. "वळवा आता मूठ. हळू... रणजीतच्या वेळेसारखी नको."

पाचही बोटं वळली.

"मॅडम..."

"दिपाली."

"दिपाली," त्याने जपून म्हणून पाहिलं. मग त्याची नजर फळीवरच्या स्टीलच्या डब्याकडे गेली. "तो डबा तेवढा मी परत देऊन येतो. तुम्ही नका जाऊ."