सर्वस्पष्ट चित्र

त्या काळी एखादा कीटक कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात येई, तो त्याचे सर्वस्पष्ट चित्र जीवनोंदणीत दाखल झाल्यावरच. नमुन्यासाठी कुठलाही प्राणी मारायला बंदी होती. चित्र हाच पुरावा, आणि तेही जिवंत प्राण्याचे.

कीटकशास्त्रज्ञ वृंदा तिरोडकर रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, तंबू टाकून राहिली होती. महिनाभरात तिथे खाण सुरू होणार होती. सड्यावर गुरे चारणाऱ्या आनंदी घवाळीने तिला दगडाखालचा एक निळसर भुंगेरा दाखवला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याची कुठेच नोंद नव्हती. त्याची नोंद झाली, तर खाण थांबणार होती. सारा सडा धुंडाळूनही दुसरा सापडला नव्हता.

"एकाच किड्याचे एवढे फोटो कशाला, बाई?" आनंदीने विचारले.

"इतक्या जवळून लेन्सला केसाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट दिसतो, आनंदीताई. डोळे नीट आले की पाय धूसर. म्हणून कॅमेरा फोकस जराजरा मागे सरकवत तीनशे फोटो काढतो. संगणक प्रत्येकातला स्पष्ट तेवढा थर उचलतो आणि सगळे थर जोडून एक चित्र करतो."

"आणि मधेच तो हलला तर?"

"तर एका मिशीच्या दोन दिसतात. जीवनोंदणी असं चित्र परत पाठवते."

तीनशे फोटोंना चाळीस सेकंद लागत. भुंगेरा चार सेकंदही थांबत नव्हता. त्याला सुस्त करण्यासाठी दहा मिनिटे थंड पेटीत ठेवायची परवानगी होती, पण बाहेर काढताच तो चालू लागे. अकरा प्रयत्न फसले. पाचव्या दिवशी वृंदाने त्याला पाऊण तास पेटीत ठेवले.

या वेळी चित्र निर्दोष आले. वृंदाने तीनशे फोटो एकेक करून पाहिले. पहिल्या चाळीसांत, अजून धूसर असलेली मिशी किंचित थरथरत होती. एकेचाळिसाव्यापासून काहीच हलले नव्हते. तिने भुंगेऱ्याला उन्हात पानावर ठेवले आणि दोघी तासभर त्याच्याकडे पाहत बसल्या.

"गेला ना?" आनंदी म्हणाली.

"गेला."

अर्जात प्रश्न होता : चित्रण पूर्ण झाले तेव्हा प्राणी जिवंत होता काय? वृंदाने 'होय' लिहिले आणि ते आनंदीला वाचून दाखवले.

आनंदीने विचारले, "सडा राहील ना त्याने?"

"राहील."

"मग असू दे तसंच."

खाण थांबली. पाठोपाठ सड्याभोवती तारेचे कुंपण आले. दुर्मीळ भुंगेऱ्याच्या अधिवासात माणसांना आणि गुरांना मनाई झाली. वृंदाने तीन वर्षे दगडन् दगड उलटून पाहिला. भुंगेरा सापडला नाही. तसे कळवले असते तर कुंपण निघाले असते, आणि खाण परत आली असती. दरवर्षी ती अहवालात लिहीत राहिली : अस्तित्व कायम.

चौथ्या वर्षी चारा संपला, तेव्हा आनंदीने तार वाकवून दोन गाई आत सोडल्या. खटला उभा राहिला. तज्ज्ञ म्हणून वृंदाला बोलावले.

"हा भुंगेरा आज त्या सड्यावर आहे?" न्यायाधीशांनी विचारले.

वृंदाने आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहायचे टाळले. "आहे," ती म्हणाली.

"या साक्षीवर तुम्हाला काही म्हणायचं आहे?" त्यांनी आनंदीला विचारले.

आनंदीने कठड्यावरचे हात खाली घेतले.

"नाही साहेब," ती म्हणाली. "बाई म्हणतात, तर असेल."

तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली.