तिसऱ्या खाचेतलं पेन

मी थापाड्या आहे, यावर आमच्या घरात एकमत आहे. बायको म्हणते, तुमच्या गोष्टीतले निम्मे स्क्रू काढले तरी ती उभी राहील. तर या गोष्टीत मी एकही स्क्रू जास्तीचा घातलेला नाही.

जुनी यंत्रं नव्या कॉम्प्युटरला जोडून देणं हा माझा धंदा. एका सकाळी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसातून बोलावणं आलं. दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली, भिंतीवर पिवळे पडलेले नकाशे. त्यांत जी भिंत पाडायची, तिच्यावर लाल फुली. मधोमध प्लॉटर, म्हणजे पेन धरून कागदावर नकाशा काढणारं टेबलाएवढं यंत्र. त्याला पेनांच्या तीन खाचा. काळं आणि निळं ठीक होतं. तिसऱ्या खाचेतलं लाल वाळून खडखडीत झालेलं. ते मी काढून शर्टाच्या खिशात टाकलं.

ऑफिस दोन भावांचं. थोरले वारलेले. उरले धाकटे साहेब, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर नकाशे काढणाऱ्या थोरल्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी.

"चारच्या आत एक जुना नकाशा या यंत्रावर निघायला हवा," धाकटे म्हणाले. "चौकशी समितीला मूळ प्रत द्यायचीय."

"नव्या प्रिंटरवर काढा की."

"जुना दिसायला हवा, मिस्तरी. तुम्ही यंत्र बघा."

वहिनी पाणी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक सज्जा खचलाय. आमच्या ह्यांच्या नकाशात त्याखाली दोन खांब होते. बांधकाम भावजींकडे होतं, त्यांनी ते बांधलेच नाहीत. आता नकाशातूनही पुसतायत. म्हणजे चूक मेलेल्या माणसाची."

मी पाणी प्यायलो आणि कामाला लागलो. पोटासाठी माणूस सोयीपुरता बहिरा होतो.

नव्या सिस्टिमला प्लॉटर दिसेचना. त्याला चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वीचं. मग मी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुनी सिस्टिम बसवली, तरी गाडी अडलेलीच. अशा सॉफ्टवेअरची मुदत संपलेली असते. तारीख मागे नेली की ते फसतं.

"कोणती तारीख टाकू, साहेब?"

"टाका कुठलीही."

मनात आली ती टाकली. प्लॉटरचा हात थरथरला आणि कागदाच्या कोपऱ्यावर येऊन थांबला.

वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या. "ही तारीख कुणी सांगितली तुम्हाला?"

"कुणीच नाही."

"हे याच टेबलावर गेले. त्या दिवशीची आहे."

"वहिनी, तुम्ही तुमचं काम करा," धाकटे म्हणाले. त्यांनी स्क्रीनवरचे दोन खांब पुसले आणि बटण दाबलं.

पेन सरसर फिरलं. कागद बाहेर आला. दोन्ही खांब जागच्या जागी.

"बदल सेव्ह झाला नसेल," मी म्हणालो.

पुन्हा पुसले. पुन्हा आले. या वेळी रेघा जाड होत्या.

"बंद करा ते," धाकटे खुर्चीत बसत म्हणाले.

मी केबल उपसली. मग वीजही तोडली.

हात थांबला नाही. त्यानं नवा कागद ओढून घेतला.

हा नकाशा त्या इमारतीचा नव्हता. दार, दोन खिडक्या, कोपऱ्यातलं टेबल. आम्ही उभे होतो तीच खोली. शेवटी धाकट्यांची खुर्ची.

मग हात तिसऱ्या खाचेकडे गेला. रिकाम्या.

परत आला आणि त्या खुर्चीवर फुली मारली. लाल.

मग वहिनींनी पहिल्या कागदाची गुंडाळी केली, पायात चपला सरकवल्या. "समितीकडे मी जाते, भावजी."

धाकटे उठले नाहीत. तोंड उघडलं होतं, आवाज येत नव्हता. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, बोटं पांढरीफटक. उठवत नाहीये का, हे मी विचारलं नाही. हत्यारं गोळा केली आणि वहिनींच्या मागोमाग जिना उतरलो.

खाली आल्यावर खिशातलं पेन आठवलं. टोपण घट्ट होतं, मीच लावलेलं. उघडून बघितलं.

निब ओली होती, आणि तिच्या टोकाला कागदाचा एक बारीक तंतू चिकटला होता.