निवृत्तीची हजेरी

केजच्या बाहेरच्या सूतगिरणीत दारावर अंगठ्याचं यंत्र बसलं, तेव्हा ते ऑफिसातल्या हजेरीशी जोडायचं काम पौर्णिमाकडं आलं. अंगठा जुळला की काचेचं दार उघडायचं आणि संगणकात हजेरी लागायची. हातानं लिहायचं रजिस्टर बंद करा, हा सल्लाही तिचाच. शिकलेली पोर, चुकीला जागाच ठेवायची नाही म्हणाली.

तिचे वडील निवृत्ती त्याच गिरणीत कामाला. तीस वर्षं कापसाच्या गाठी ओढून अंगठ्याच्या रेघा पार झिजलेल्या. पोरीनं जोडलेलं दार बापालाच ओळखेना. रोज सकाळी ते अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा पुन्हा टेकवत आणि मागं रांग खोळंबे. शेवटी दारावरची वनमाला गुपचूप आतून उघडून देई.

चैतात एक दिवस वनमाला रजेवर होती. तिच्या जागेवरच्या माणसानं निवृत्तींना घरी पाठवलं. पोरीला फोन करायचा त्यांना संकोच वाटला असावा. भर उन्हात ते चालत निघाले आणि वाटेतच एका कडुनिंबाखाली त्यांनी जीव सोडला.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर पौर्णिमा कामावर आली. यादीत आठ वाजून पाच मिनिटांनी निवृत्तींची हजेरी होती, आजच्या तारखेची. तिनं जोडणी सोडून पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशीही तेच. अंगठा पहिल्याच खेपेला जुळलेला.

"मावशी, आठ-पाचला कोण आलतं?"

वनमालानं मान वर केली नाही. "कुणीच न्हाई. दार तेवढं उघडतंय."

घरी आईनं, भामाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "येऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या. "परत बाहेर उभं करू नको." पौर्णिमा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली.

गिरणीचे व्यवस्थापक अंगदराव भला माणूस, पण घाबरले. "मॅडम, मेलेल्या माणसाची हजेरी लागायली. नाव काढा."

"माझ्यानं न्हाई व्हायचं, साहेब."

मग त्यांनीच काढलं.

सकाळी पौर्णिमा संगणकासमोर बसून राहिली. आठ-पाच, नाकारलं. आठ-सहा, नाकारलं. आठ-सात, नाकारलं.

ती पळतच दाराशी गेली. काचेपलीकडं यंत्राचा नकाराचा लाल दिवा लागत होता, विझत होता. यंत्रासमोर कुणी नव्हतं.

तिनं दार उघडलं आणि बाहेर पायरीवर उतरली.

"आबा, चुकलं माझं. या आत."

लाल दिवा थांबला.

स्प्रिंगचं दार, सोडलं की मिटायचं. तिनं सोडलं, पण ते मिटलं नाही. कुणीतरी तिच्यासाठी धरून ठेवल्यागत उघडंच राहिलं. वडील तसंच करायचे, पोर आधी आत जाऊ दे म्हणून.

ती आत गेली. मागं दार हळूच मिटलं.

तिनं वळून पाहिलं. काचेपलीकडं लाल दिवा पुन्हा लागला होता.